इतर हक्कातल्या आत्या

महामार्ग रुंद करायला जाणाऱ्या जमिनींची यादी फोनवर आली. गावच्या ग्रुपवर कुणीतरी राजपत्राची पीडीएफ टाकली होती आणि खाली एवढंच लिहिलं होतं, 'ज्यानं त्यानं आपापलं बघून घ्या.' शाळा सुटल्यावर मी कराडच्या स्टँडवर उभी होते. तिथंच पानं सरकवत गेले. गावाचं नाव, गट नंबर, जमिनीचा प्रकार, क्षेत्र. आमचा गट होता. बागायत, ६५० चौरस मीटर. म्हणजे साडेसहा आर. गावच्या भाषेत साडेसहा गुंठ्यांच्या आतबाहेर.

आबांना फोन लावला. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "इहिरीच्या अंगाची का वड्याच्या अंगाची?"

यादीतून ते कळत नव्हतं. यादीत नुसता आकडा असतो.

त्याला आता तीन वर्षं होतील. भाऊ पुण्याला नोकरीला, आबांना वाचायला चष्म्यानंही दिसेना, म्हणून कागदांची सगळी कामं माझ्याकडं आली. या तीन वर्षांत आमच्याच पट्ट्यातल्या चार-पाच बायकांनी मला विचारलं, "बाई, आमचंबी आलंय, काय काय करावं लागतं?" दरवेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं. म्हणून लिहितेय.

आमचं गाव साताऱ्याकडून येताना उंब्रजच्या अलीकडं. रस्त्याला आमच्याकडं कुणी अठ्ठेचाळीस नंबर म्हणत नाही. आबांच्या वयाची माणसं पी. बी. रोड, म्हणजे पुणे-बंगळूर रोड म्हणतात, आम्ही एनएच फोर म्हणत मोठे झालो. २०१० साली देशातल्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले. उत्तरेकडून दक्षिणेकडं जाणाऱ्यांना सम आकडे आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, असं ठरलं. तेव्हा दिल्ली-मुंबईचा आठ नंबर आणि मुंबईहून चेन्नईला जाणारा चार नंबर यांचा बहुतेक भाग जोडून नवा ४८ झाला. दिल्लीतून निघतो, जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत चेन्नईला पोचतो. २,८०० किलोमीटरच्या वर. बांधावर उभं राहिलं की हरियाणा, राजस्थान, तमिळनाडू, सगळीकडच्या पाट्यांचे ट्रक दिसतात. ऊसतोड सुरू झाली की त्याच रस्त्याच्या कडेनं आमच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जीव मुठीत धरून चालतात.

आबा लहान असताना इथं एकेरी डांबरी रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना वडाची झाडं. पुढं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनात हा रस्ता आला आणि चौपदरी झाला. वड गेले. आमच्या रानाची पहिली पट्टी तेव्हाच गेली. रानाचे दोन भाग झाले, पूर्वेला विहीर आणि थोडं रान, पश्चिमेला दोन एकर. विहिरीचं पाणी पश्चिमेला न्यायला आबांनी रस्त्याखालच्या मोरीतून पाइपलाइन घातली. त्या पट्टीचे पैसे आले ते पाइपलाइनला आणि भावाच्या डिप्लोमाला गेले. हे सगळं घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढं जे झालं त्याची मुळी त्या पैशात होती, एवढंच आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता सहापदरीकरण. कागलपासून साताऱ्यापर्यंत, किलोमीटर ५९२ ते ७२५, हा एक टप्पा. मुख्य रस्ता बराचसा आधीच्या हद्दीतच बसतो, पण सेवा रस्ता, भुयारी मार्ग, चढ-उतार जिथं येतात तिथं बाजूची पट्टी लागते. आमची अशीच एक पट्टी.

कायदा १९५६ चा आहे, राष्ट्रीय महामार्ग अधिनियम. गावात त्याची कलमं कुणी मराठीत बोलत नाही. 'थ्री ए झालं', 'आता थ्री डी कधी', 'थ्री जीचा निवाडा आला का', अशीच भाषा. पारावरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडीसुद्धा. थ्री जीचा निवाडा म्हणजे भरपाई किती ते ठरवणारा आदेश. थ्री ए म्हणजे सरकारनं राजपत्रात सांगितलं की ही जमीन घ्यायचा विचार आहे. त्याचा गोषवारा दोन वर्तमानपत्रांत यावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून २१ दिवसांत हरकत द्यायची. आम्हाला यादी दिसली तेव्हा त्यातले नऊ दिवस गेले होते.

त्या रात्री मी डिजिटल सातबारा काढला. खरं सांगते, तोवर आमचा सातबारा मी नीट वाचलाच नव्हता. पीककर्जाच्या वेळी झेरॉक्स काढायची, तलाठ्यांचा शिक्का बघायचा, बास. त्या रात्री ओळ न् ओळ वाचली. कब्जेदाराच्या रकान्यात आबांचं नाव आणि त्यापुढं 'ए.कु.मॅ.' एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा १९९४ साली गेले तेव्हाच्या फेरफारानं लागलेली नोंद. आणि पानाच्या दुसऱ्या अंगाला, इतर अधिकार म्हणून जो रकाना असतो, जिथं सोसायटीच्या कर्जाचा बोजा लिहितात, विहिरीतलं पाणी, वहिवाटीचा रस्ता लिहितात, तिथं, सोसायटीच्या बोज्याच्या वरच्या ओळीत, माझ्या दोन्ही आत्यांची नावं.

थोरली आत्या मुंबईला दिली. मामा माथाडी कामगार होते, आता नाहीत. धाकटी पाटणकडं. दोघींनी या रानात भांगलण केली, खुरपं धरलं, मोटेच्या वेळी बैलामागं चालल्या. आणि अठ्ठावीस वर्षं त्या बोज्याच्या रांगेत बसून होत्या. मी ते आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तवा तसंच लिवत हुते." ते खरंच होतं. आमच्या गावात असे किती सातबारे आहेत ते मी नंतर मोजायचं सोडून दिलं.

हरकतीचं थोडक्यात सांगते. आम्ही हरकत दिली, सुनावणीची तारीख मिळाली, आबा नेहरू शर्ट घालून गेले, बोलले. या सुनावणीत जमीन रस्त्याला घेण्यावरच हरकत ऐकली जाते, पैशाचं नाही, हे आम्हाला तिथं गेल्यावर उमगलं. आमचं म्हणणं पाइपलाइनबद्दल होतं. अधिकारी म्हणाले, ते मोजणीच्या वेळी मांडा. तरी हरकत द्यावी असंच मी सांगेन. तिची पोच पुढं दोन ठिकाणी उपयोगी पडली.

संयुक्त मोजणी हा या सगळ्यातला खरा दिवस. जमीन किती, झाडं किती, विहीर, बोअर, शेड, कंपाउंड, पाइप, सगळं त्या दिवशी कागदावर येतं आणि जे त्या दिवशी येत नाही ते नंतर आणताना नाकी नऊ येतात. नोटीस आम्हाला आदल्या दिवशी संध्याकाळी पोचली. आबा त्याच दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साताऱ्यात दाखल झाले होते, मी त्यांच्यापाशी. शेजारच्या चुलत्यांना बघायला सांगितलं. ते गेले, पण त्यांची स्वतःची मोजणीही तेव्हाच चालू होती. आठ दिवसांनी तक्ता हाती आला. जांभूळ २, शेवगा १, उभा ऊस. पाइपलाइन नाही. व्हॉल्व्हचा चेंबरही नाही.

यात कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ऊस डोक्याच्या वर होता आणि पाइप जमिनीखाली तीन फूट. जमिनीवरून दिसतं ते त्यांनी लिहिलं. पण फेरपाहणीच्या अर्जासाठी मला एका कार्यालयातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात असं पाच वेळा जावं लागलं. प्रत्येक वेळी किरकोळ रजा टाकून. एका ठिकाणी अर्ज घेऊन पोच द्यायलाच नकार मिळाला, तेव्हा मी तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवला. त्यानंतर बोलावणं आलं.

फेरपाहणीला भूमिअभिलेखचे भूकरमापक आले, तलाठी आले, पाणीपुरवठ्याच्या कामाचं मूल्यांकन करणारे एक अभियंता आले. एक तरुण पोरगा तिपाईवर यंत्र लावून उभा. आबांच्या डोळ्याला अजून काळा चष्मा होता. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी बांधावरून पावलं मोजली. जांभळापासून सतरा. टाच रोवली आणि मला म्हणाले, "हितं."

मी टिकाव घेतला. वरची माती सोपी होती, खाली काळी चिकट, पावसानं गच्च झालेली. दोन फुटांवर काही लागलं नाही. अभियंत्यांनी घड्याळ बघितलं. आबा म्हणाले, "आजून खाली." तलाठी भाऊसाहेबांनी पायातल्या चपला काढून माझ्या हातातून टिकाव घेतला. कोल्हापूरकडच्या शेतकरी घरातला माणूस, चार घाव त्यांनी घातले आणि मग खोऱ्यानं माती ओढली. करड्या रंगाची चार इंची पाइप दिसली. तिच्यावर आबांनी त्या वेळी खूण म्हणून टाकलेली निळी नायलॉनची दोरी तशीच होती. वीस-बावीस वर्षं मातीत राहून रंग तेवढा उडाला होता. पोरानं यंत्राचा दांडा पाइपवर धरला, बिंदू घेतला. मग दोरीच्या अंदाजानं आणखी दोन ठिकाणी खणलं. पाइप पट्टीतून तिरकी जात होती, एकवीस मीटर. चेंबरही लिहिला गेला. पंचनाम्यावर सही करायच्या आधी मी तो दोनदा मोठ्यानं वाचला, कारण एकदा सही झाली की तोच पुरावा.

म्हणून मी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते, मोजणीच्या दिवशी घरचं माणूस पाहिजे. शेजारी कितीही चांगला असला तरी आपली पाइप कुठून जाते ते त्याच्या टाचेला माहीत नसतं.

थ्री डी झालं त्या दिवशी गावात काहीच घडलं नाही. रान तिथंच, ऊस तिथंच, आबांनी नेहमीसारखं पाणी पाजलं. पण थ्री डीची अधिसूचना राजपत्रात आली की त्या क्षणी जमीन केंद्र सरकारची होते, सगळ्या बोज्यांतून मोकळी. पैसे मिळालेले नसतात, ताबाही गेलेला नसतो, मालकी मात्र गेलेली असते. थ्री एपासून एक वर्षाच्या आत हे झालं नाही तर थ्री ए रद्द होतं, म्हणून सगळी धावपळ त्या वर्षाच्या आत चालते. त्या संध्याकाळी मी आबांना हे सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, "मग आता आपुन दुसऱ्याच्या रानाला पाणी पाजतुय व्हय?" पुढं ताबा जाईपर्यंत त्यांनी त्या पट्टीचं पाणी एकदाही चुकवलं नाही.

मग कागद मागवले. सातबारा, आठ अ, फेरफार, सोसायटीचा दाखला, आधार, पॅन, रद्द केलेला चेक. आणि टिपणीत एक वाक्य: 'खातेदार ए.कु.मॅ. असून इतर अधिकारात नावे असल्याने सर्व हितसंबंधितांची संमती अथवा वारस नोंद सादर करावी.'

हा कागद आला आणि घरात सल्ले द्यायला माणसं जमली. भावकीतल्या सगळ्यांचं एकच म्हणणं. आत्यांना बोलवा, साडीचोळी करा, हक्कसोडपत्र करून घ्या, सगळे असंच करतात. टक्केवारीवर कामं करणारा एक जण तर हक्कसोडीचा मसुदा टाइप करूनच घेऊन आला. नावांच्या जागा तेवढ्या रिकाम्या. आबा काही बोलले नाहीत. भाऊ पुण्याहून म्हणाला, "ताई, तू ठरव." मला तेही नको होतं. तो कागद मी हातात धरून बसले तेव्हा मला माझंच नाव त्या रिकाम्या जागेत दिसत होतं. उद्या माझ्या भावाच्या पोरांनी असाच एक मसुदा आणला तर मी कुठं बसेन? आबांच्या सातबाऱ्यावर, बोज्याच्या वरच्या ओळीत.

दोघी आल्या. थोरली मुंबईहून रातराणीनं, धाकटी पाटणहून एसटीनं. जेवणं झाली. थोरली म्हणाली, "कुठं सही करायची ते दाव, मला परवा नातवाला बघायचंय." तिला त्यात वावगं काही वाटतच नव्हतं. भावाचं घर बंद होऊ नये एवढंच तिला हवं होतं. ती मसुदा वाचणारही नव्हती.

धाकटीनं पदर खोचला आणि म्हणाली, "मला माझं पायजे, दादा."

कुणी बोललं नाही.

"मागल्या टायमालाबी रान गेलं. तवा पैसं आल्याचं मला माज्या सासरी समाजलं, तेबी तिसऱ्याकडनं. मी इचारलं न्हाई. म्हनलं, पोराचं शिक्षान हाय. आता माज्या पोराची गाडी बँकेनं वडून नेली. म्हनून मागतीय. न्हाईतर मागितलं नसतं."

आबा उठून गोठ्यात गेले. रात्री उशिरापर्यंत आले नाहीत. पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशीही तुटक बोलले, कारण मी धाकट्या आत्याच्या बाजूनं बोलले होते. ते रागावले होते की त्यांना लाज वाटत होती, हे मी त्यांना विचारलं नाही. मला वाटतं दोन्ही होतं. बहिणींवर त्यांची माया आहे, दर दिवाळीला, दर नागपंचमीला मी ती बघितली आहे. पण माया आणि हिस्सा या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात कुणी कधी एका ठिकाणी ठेवल्याच नव्हत्या.

कायद्याचं मी त्यांना वाचून दाखवलं. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला. बाप त्याच्या आधीच वारला असेल तर काय, यावर बरीच वर्षं वाद होता. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला तो मिटवला. बाप ९ सप्टेंबर २००५ ला हयात असो वा नसो, मुलीचा हक्क आहे. म्हणजे आजोबा १९९४ ला गेले म्हणून आत्यांचं काही कमी होत नव्हतं. आबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "कायदा ऱ्हाऊ दे. ती मागतीया नव्हं, मग द्याचं."

आणि मग एक वाक्य, जे मी विसरणार नाही. "थोरलीचं नावबी लाव. न मागनारीचं आदी."

मग फक्त या रस्त्यापुरतं संमतीपत्र न करता आम्ही सातबाराच दुरुस्त करायला घेतला. वारसाचा अर्ज, आजोबा-आजीचे मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र, गावातल्या पंचांचे जबाब. आजीचा दाखला सापडेना. तिच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात होती, पण नाव माहेरचं लिहिलेलं. त्यात दोन महिने गेले. नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं. आम्हाला धाकधूक होती की भावकीतलं कुणी हरकत घेईल. कुणी घेतली नाही. फेरफार मंजूर झाला, ए.कु.मॅ. गेलं, आणि कब्जेदाराच्या रकान्यात तीन नावं एकाखाली एक आली. आबा, थोरली आत्या, धाकटी आत्या. प्रत्येकी एक तृतीयांश.

ज्यांना घाई असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावं. हिश्श्यावरून वाद राहिला तर ती रक्कम दिवाणी न्यायालयात भरली जाते आणि मग तारखा सुरू होतात. आमच्या शेजारच्या गावात दोन भावांचे पैसे असेच अडकून पडलेत. रस्ता त्यांच्या रानावरून कधीच पुढं गेला.

निवाड्याचं गणित सांगते, कारण यात लोकांना सगळ्यात जास्त फसवतात. जमिनीचा बाजारभाव ठरवताना रेडीरेकनरचा दर बघतात आणि मागच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरीही बघतात. यांत जो जास्त तो धरायचा. त्याला ग्रामीण भागासाठी १ ते २ मधला, राज्यानं ठरवलेला गुणक लावायचा. त्यात झाडं, विहीर, पाइप, बांधकाम मिळवायचं. या सगळ्यावर तेवढीच, म्हणजे शंभर टक्के, दिलासा रक्कम. शिवाय बाजारभावावर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत वर्षाला १२ टक्के. समजा आरला लाख रुपये भाव निघाला आणि गुणक १ लागला, तर साडेसहा आरचे साडेसहा लाख, दिलासा तेवढाच, झाले तेरा. वर १२ टक्क्यांची भर आणि झाडं-पाइप वेगळं. हे कागदावर पाच ओळींत बसतं. कुणी 'तुमचे वाढवून देतो, इतके टक्के द्या' म्हणत आला तर त्याला या पाचातली कुठली ओळ वाढवणार ते विचारा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातली ही भरपाई महामार्गांना २०१५ पासून लागू झाली. त्याआधी महामार्गाच्या कायद्यात १९९७ साली घातलेल्या एका कलमामुळं शेतकऱ्याला दिलासा रक्कम मिळत नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं १९ सप्टेंबर २०१९ ला तो भाग घटनाबाह्य ठरवला. एकाच देशात धरणाला जमीन दिली तर दिलासा आणि रस्त्याला दिली तर नाही, असा तो भेद होता. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. आपल्याला जे नुसतं बोचत होतं ते कुणीतरी न्यायालयात शब्दांत मांडलं होतं.

पैसे प्रत्येकीच्या खात्यावर थेट आले. आता हे सगळं भूमिराशी या सरकारी पोर्टलवरून होतं, मधे कुणाच्या हातात चेक नाही. थोरल्या आत्याचं खातं सुनेबरोबर जोडखातं होतं. तिला एकटीच्या नावानं नवं खातं काढायला लावलं. ती दोन दिवस माझ्यावर चिडली होती. धाकटीनं पोराची गाडी सोडवली, उरलेले ठेवीत टाकले आणि पावतीचा फोटो मला पाठवला.

पाइपलाइनचे पैसे मिळाले ते पाइपच्या किमतीचे. पण पाइप तुटल्यावर पश्चिमेच्या दोन एकराचं पाणी तुटणार, त्याचं काय? कायद्यात रानाचे तुकडे पडल्यानं आणि उरलेल्या मिळकतीवर परिणाम झाल्यानं होणाऱ्या नुकसानीची भरपाई आहे. निवाड्यात ती धरलेली नव्हती. त्यासाठी आम्ही लवादाकडं अर्ज केला. महसुलातलेच वरिष्ठ अधिकारी लवाद म्हणून नेमलेले असतात. तो अर्ज अजून चालू आहे. तिथं मोजणीचा पंचनामा आणि हरकतीची ती पोच, हेच आमचे दोन भक्कम कागद. लवादानं रक्कम वाढवली तर वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून ९ टक्के व्याजही मिळू शकतं.

पाण्यासाठी मात्र लवादाची वाट बघून चालणार नव्हतं. ताब्यासाठी ६० दिवसांची नोटीस आली होती. जेसीबी आला त्याच्या आदल्या आठवड्यात आबा रोज कामाच्या जागेवर जाऊन बसायचे. साइटवरचा अभियंता ओडिशाचा, हिंदीत बोलणारा. आबांची हिंदी ट्रकवाल्यांशी बोलून शिकलेली. त्यांनी त्याला मोरी दाखवली, विहीर दाखवली, पश्चिमेचा ऊस दाखवला. सेवा रस्त्याचा भराव टाकण्याआधी एक सिमेंटचा पाइप आडवा टाकून ठेवा, त्यातून आम्ही आमची लाइन ओढून घेऊ, एवढीच मागणी. अर्ज मी लिहिला, मंजुरीला तीन आठवडे लागले, आणि भराव पडायच्या दोन दिवस आधी तो पाइप पडला. जांभळं तोडली त्या दिवशी आबा घरातच थांबले.

नंतर राहिलं ते कमी-जास्त पत्रक. गेलेलं क्षेत्र वजा करून उरलेल्याचा नकाशा आणि सातबारा जुळवायचा. बरेच जण हे सोडून देतात आणि मग पुढं कर्जाला, विकायला, वाटपाला अडतात. या मोजणीची नोटीस आता तीन पत्त्यांवर गेली. आबांना वाटलं होतं मी आणि ते असलो की झालं. पण सकाळी नऊ वाजता पाटणची एसटी फाट्यावर थांबली आणि धाकटी आत्या उतरली. पाठोपाठ थोरली, ती आदल्या रात्रीच तिच्याकडं येऊन राहिली होती. दोघींच्या पिशवीत भाकरी आणि ठेचा, रानात मोजणी असली की दुपार होते हे त्यांना माहीत होतं.

भूकरमापक नवीन होते. सेवा रस्त्याच्या कडेला तिपाई लावली, नकाशा पसरला आणि वर न बघताच विचारलं, "खातेदार कोण?"

आबांनी तोंड उघडायच्या आधी धाकटी म्हणाली, "आमी तिघं."

त्यांनी वर बघितलं, तिघांची आधार कार्डं मागितली, नावं लिहून घेतली. मग दगड रोवायला सुरुवात झाली. पहिला विहिरीपाशी, दुसरा ओढ्याच्या अंगाला. तिसऱ्या दगडापाशी थोरल्या आत्यानं माती पायानं दाबली आणि विचारलं, "हितं जांबळ हुती नव्हं?"

"पलीकडं," आबा म्हणाले. "रस्त्यात गेली."